ळच्या पुढचं अक्षर

“वाचता आलं का?” केवळरामने ओसरीवरून विचारलं.

“नाई जी. परवा नवतं आलं, काल नवतं आलं, आज बी नाई येत.”

बेबीबाई अंगणात उकिडवी बसून काचेच्या एका बारीक नळीत डोळे घालून पाहत होती. नळी सागाच्या ठोकळ्यातल्या भोकात उभी होती. ठोकळा केवळरामने स्वतः कोरला होता, आणि नळीच्या मागे चार चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून एक जाड कागद पक्का बसवला होता. कागदावर एकच मोठं काळं अक्षर. नळीत नातीची, गुंजनची, सकाळची पहिली लघवी आणि तिच्यात दवाखान्यातून दिलेल्या औषधाचे थेंब. रीत अशी की नळीतून मागचं अक्षर स्वच्छ वाचता आलं तर वहीत शून्य लिहायचं. अंधूक वाचता आलं तर एक किंवा दोन. वाचताच आलं नाही तर तीन, आणि खाली गोळे बसले तर चार. आणि सलग तीन दिवस तीन आले तर घरी थांबायचं नाही, भंडारा गाठायचं.

सात वर्षांची गुंजन उंबऱ्यावर बसून फोडणीचा भात खात होती. केवळरामने तिच्याकडे पाहिलं.

“पोट्टी तं टुणटुणीत दिसते. तोंड नाई सुजलं, पाय नाई सुजले.”

“सूज मागून येते, नळी आंधी सांगते. मॅडमनं सांगतलं नवतं का?”

“सांगतलं होतं. पन आज कापनीले सहा बाया बोलावल्या हायेत.”

“मंग तुमी राहा धानापाशी. मी नेतो तिले.”

केवळरामने चूळ भरली, सदरा घातला आणि शेजारच्या तुलारामला बांधीवर, धानाच्या शेतावर, लक्ष ठेवायला सांगून आला. येताना मुलाला फोनही लावून आला.

“धनंजयले सांगतलं. दामिनी तिकडून सरळ दवाखान्यात येते म्हने.”

सुनेचं नाव ऐकून बेबीबाईचा हात वहीवर थांबला. मग तिने जीभ दातांत धरून, सावकाश, तारखेसमोर तीनचा आकडा काढला. सलग तिसरा.

श्रावणात एका सकाळी गुंजनच्या पापण्या सुजल्या होत्या. डास चावला असेल म्हणून बेबीबाईने खोबरेल लावलं. दुपारी सूज उतरली, दुसऱ्या सकाळी पुन्हा आली, आणि आठ दिवसांत पोरीच्या चपलेचा पट्टा लागेना. भंडाऱ्याला रुचिका मॅडमचा मुलांचा दवाखाना होता, तिथे दहा दिवस काढले. मॅडमने घरच्या सगळ्यांना एका बाकावर बसवून सांगितलं. किडनीची चाळणी सैल झाली आहे, दूध-डाळीतून अंगाला मिळतं ते सत्त्व लघवीवाटे गळून जातं. गोळ्यांनी थांबेल. पण हा आजार गेला असं वाटतं आणि परत डोकावतो, दोन-चार वर्षं डोकावत राहील.

“मी भंडाऱ्यात, तुम्ही दिघोरीत,” मॅडम म्हणाल्या होत्या. “सकाळी उठून पोरीला पाहणार तुम्ही. म्हणजे अर्धी डॉक्टर मी आणि अर्धे तुम्ही.”

“मंग आमच्या वाट्याले कोनचा अर्धा येते?” केवळरामने विचारलं होतं. “इंजेक्शनचा नोको बाप्पा.”

त्यांच्या वाट्याला नळी आली. दसऱ्यापर्यंत, म्हणजे तीनच दिवसांपूर्वीपर्यंत, ती दामिनीने सांभाळली. धनंजय नागपूरकडे एका कारखान्यात होता आणि दामिनी शिलाईच्या युनिटमध्ये. दोघं सकाळी आठला खोलीला कुलूप लावत, ते संध्याकाळी सातला काढत. म्हणूनच गुंजन पहिल्यापासून आजीआबाजींकडे राहून दिघोरीच्या शाळेत जात होती. आजारपणासाठी दामिनीने दोन महिने सुट्टी काढली. त्याहून जास्त मिळेना. जाण्याआधी तिने सासूला शेजारी बसवून नळी शिकवली, आणि शेवटी म्हणाली, “जमंल ना आई? नाई जमलं तं सांगा. मी तिले नागपूरले नेईन. पाहून घेऊ कसं होते ते.”

“कुलपात कोंडून ठेवशीन का पोरीले? जमते मले,” बेबीबाई म्हणाली होती.

आणि ते खोटं नव्हतं. बेबीबाईला वाचता येत होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत येत नव्हतं, मग गुंजन पहिलीत गेली आणि शाळेतून आली की आजीला समोर बसवून शिकवू लागली. चुकलं की पट्टी आपटायची, बरोबर आलं की वहीवर चांदणी काढायची. वर्षभरात बेबीबाई एसटीच्या पाट्या वाचू लागली. लाखांदूरच्या बाजारात तर ती दुकानांची नावं मोठ्याने वाचत चालायची, आणि केवळराम चार पावलं मागे राहायचा, आपण हिच्याबरोबर नाही असं दाखवत.

बसमध्ये गुंजन आजीच्या मांडीवर झोपली. बेबीबाईच्या हातात फडक्यात गुंडाळलेली बाटली होती. मॅडमने सकाळची लघवी आणायला सांगितली होती. कंडक्टरने वाकून विचारलं, “काय हाये त्यात? तेलगिल सांडवू नोका.”

“पोट्टीची कमाई हाये,” केवळराम म्हणाला. “घेतं का?”

बाजूच्या दोन बाया हसल्या. बेबीबाई हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे ते अक्षर होतं. वाकडं, वेटोळं घातलेलं, मध्येच गाठ पडल्यासारखं. गढूळ पाण्यामागे वाम मासा वळवळावा तसं.

दवाखान्यात दामिनी आधीच येऊन बसली होती. तिने गुंजनचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं, पापण्या पाहिल्या, मोजे काढून घोटे दाबून पाहिले. मग सासूच्या पाया पडली.

“सूज तं नाई दिसत, आई.”

“हव, नाई दिसत. पन वाचताच येत नाई तं काय करू?”

चंद्रकांता सिस्टर बाटली घेऊन आत गेल्या. दहा मिनिटांनी मॅडमने सगळ्यांना बोलावलं. टेबलावर नळी उभी होती. मॅडम जराशा गोंधळलेल्या दिसत होत्या.

“आजी, लघवी अगदी स्वच्छ आहे. काहीच जात नाही. काल-परवाही असंच होतं का?”

“असंच होतं.”

“मग वहीत तीन का?”

“वाचता नाई आलं म्हून.”

मॅडमने नळीमागे कागद धरला. तसाच जाड कागद, तसंच काळं अक्षर. सिस्टरांनी एकाच जुन्या पत्रकाच्या गठ्ठ्यातून सगळ्यांसाठी कापून घेतले होते.

“आता पाहा. येतं वाचता?”

बेबीबाईने पदराने डोळे पुसले, वाकून पाहिलं. “नाई येत.”

मॅडमने नळी उचलून बाजूला ठेवली. नुसता कागद पुढे केला. “आणि आता?”

बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. बेबीबाई कागदाकडे पाहत राहिली. मध्ये नळी नव्हती, पाणी नव्हतं, तरी ते वेटोळं तसंच होतं.

“आता बी नाई येत,” ती हळूच म्हणाली.

“आजी, तो क्ष आहे,” गुंजन म्हणाली. “आपला ळ पर्यंतच झाला होता ना. मंग मी बिमार पडलो.”

पहिल्यांदा केवळराम हसला. मग सिस्टर हसल्या, आणि मॅडमलाही तोंडावर हात ठेवावा लागला. दामिनी हसली नाही, आणि बेबीबाईही. बेबीबाई कागदाकडेच पाहत होती. घरी तो कागद खिळ्यांनी ठोकलेला. पुढे नळी नसताना तिने तो कधी नीट पाहिलाच नव्हता. तिला वाटलं होतं, अक्षर बिचारं चांगलंच असेल, पाण्यामुळे वाकडं दिसत असेल.

“आई, नवतं येत तं सांगाचं ना,” दामिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग कमी आणि दमणूक जास्त होती. “मशीन सोडून आलो मी. जीव कुठचा कुठं गेला होता. उद्या उलटं झालं तं? खरंच गढूळ असंल आन् तुमी शून्य लिहिलं तं?”

“मी खोटं नसतं लिहिलं.”

“खोटं नाई म्हनत मी. पन चुकीचं.” ती मॅडमकडे वळली. “मी नेतो मॅडम तिले नागपूरले. काई तरी करीन. शेजारीन पाहीन दिवसभर.”

“शेजारीन नळी पाहीन का?” केवळरामने विचारलं. आता तोही हसत नव्हता.

गुंजनने आजीचा पदर मुठीत धरला. पोरींना कळतं.

मॅडमने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “थांबा. चूक आमची आहे. वाचता येतं का, एवढंच आम्ही विचारलं. हे अक्षर येतं का, हे कोणी विचारलं नाही.” मग बेबीबाईकडे पाहून म्हणाल्या, “आजी, अक्षर सोडा. तीन दिवस तुम्ही रोज नळी पाहिली. नळीत तुम्हाला काय दिसलं?”

“पानी.”

“कसं पाणी?”

“पान्यावानी पानी. हिरीतून भरलं तसं. तिन्ही दिवस.”

“मग हे तुम्ही सांगितलं का नाही?”

बेबीबाईने मान वर केली. “तुमी अक्षर विचारलं, मॅडम. पानी कोनी विचारलंच नाई.”

मॅडमने सिस्टरांना प्रयोगशाळेतून शिकवायच्या नळ्या आणायला सांगितलं. लाकडी घोडीत पाच नळ्या आल्या. सिस्टरांनी त्या मुद्दाम उलटसुलट लावल्या आणि खालच्या चिठ्ठ्या वळवून ठेवल्या.

“कागद नाही, अक्षर नाही,” मॅडम म्हणाल्या. “जे दिसतं ते तुमच्या शब्दांत सांगा.”

बेबीबाईने पदर खोचला. पहिली नळी उजेडात धरून तिरकी केली. “हे धोवन हाये. तांदूळ धुतल्याचं पानी. पन पहिलं नाई, दुसरं. पहिलं धोवन पांढरंफट येते, दुसरं असं. धुक्यावानी.” ती ठेवून दुसरी उचलली. “हे पानी.” तिसरीला वेळ लागला नाही. “ही पेज. भात शिजला आन् वरची काढली तशी. आरपार काईच नाई दिसत.” चौथी हलवून पाहिली. “हे पहिलं धोवन.” पाचवीत पांढरे गोळे खाली बसत होते. बेबीबाईने नाक मुरडलं. “आन् हे तं दही लागलं.”

सिस्टरांनी चिठ्ठ्या सरळ केल्या. एक, शून्य, तीन, दोन, चार.

दामिनीने पुढे होऊन चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या.

“एक विचारू का, मॅडम?” केवळरामने घसा साफ केला. “पेज कोन्या तांदळाची? नव्या तांदळाची पेज घट्ट येते, जुन्याची पातळ. आता घरी नवं धान येऊन राहिलं. गडबड होईन.”

मॅडम हसतील असं सगळ्यांना वाटलं. त्या हसल्या नाहीत. कागद ओढून लिहू लागल्या. “बरोबर आहे. ठरवून टाका. कोणत्या?”

“जुन्या,” बेबीबाई म्हणाली. “दोन वर्साच्या. नव्यावर भरोसा नाई.”

“जुन्या तांदळाची पेज म्हणजे तीन,” मॅडमनी लिहिलं आणि दामिनीकडे पाहिलं. “एक महिना देता? रोज सकाळी आजी नळी पाहतील आणि वहीत त्यांच्या शब्दांत लिहितील. आबाजी नळीचा फोटो काढून तुम्हाला पाठवतील. तुम्ही तुमचा आकडा लिहून ठेवा. महिन्याने दोन्ही घेऊन या. जुळलं नाही तर न्या पोरीला, मी अडवणार नाही.”

दामिनीने गुंजनच्या मुठीतल्या पदराकडे पाहिलं. “बरं,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर गुंजनने आधी पाटी घेतली. “आजी, बस. क्ष आन् ज्ञ राहिले हायेत. आज दोन्ही करू.”

“आज नोको गं. मानूस दमलं.”

“तुले मंग चांदनी नाई.”

बेबीबाई बसली. क्ष पंचवीस वेळा काढला. पंचविसावा जरा सरळ आला तेव्हा ती केवळरामला म्हणाली, “पाहा जी. याच्यापायी तुमची कापनी बुडाली.”

“तुलारामनं केली ना. याच्यापायी दामिनी तीनच दिवसांत परत आपल्याले दिसली, ते नाई सांगत.”

मग रोजची सकाळ तशीच होऊ लागली. गुंजनने नळी आणून द्यायची, बेबीबाईने थेंब टाकायचे, नळी उजेडात धरायची आणि मोठ्याने सांगायचं, “पानी.” केवळराम फोटो काढायचा. तो एका फोटोसाठी चार फोटो काढायचा. एकात त्याचा अंगठा, एकात कोंबडी, एकात बेबीबाईचं अर्धं तोंड. चौथा बरा यायचा. बेबीबाई वहीत ‘पाणी’ लिहायची. सुरुवातीला ‘पानी’ लिहिलं. गुंजनने बाणाचा ण करायला लावला.

घरात मीठ कमी झालं होतं. गुंजनला मॅडमने कमी मीठ सांगितलं होतं, आणि एका घरात दोन भाज्या कशा करायच्या म्हणून बेबीबाईने सगळ्यांचंच कमी केलं. पोरीला एकटीला अळणी वाढायचं तिला जमलं नसतं. केवळराम पहिल्या दिवशी जेवताना म्हणाला, “भाजी हाये का भाजीचं सपन हाये?” पण नातीसमोर त्याने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला आणि मस्त झाली म्हणाला.

एकविसाव्या दिवशी सकाळी आठ वाजता दामिनीचा फोन आला.

“आई, आज नळीत काय होतं?”

“पानी.”

“नीट पाहिलं का? फोटोत तं धुकट दिसून राहिलं. मी एक लिहिलं. कदाचित दोन बी असंल.”

नळी अजून धुतली नव्हती. बेबीबाईने ती पुन्हा उजेडात नेली. पाणी होतं. विहिरीतून भरलं तसं. तिने नळी क्ष समोर धरली. आता क्ष येत होता. स्वच्छ, चारी बाजूंनी.

“पानी हाये, बाई. अक्षर बी वाचता येते. क्ष.”

“आई, फोटो खोटा थोडीच बोलीन?”

बेबीबाईने फोन कानाला लावूनच केवळरामकडे पाहिलं. मग दुसरा हात पुढे करून त्याचा हात धरला आणि बोटं हुंगली.

“मिरचीची चटनी,” ती म्हणाली. “मीठ घातलेली. कोठी खाल्ली जी?”

केवळराम जमिनीकडे पाहू लागला. गुंजन धावत येऊन आबाजीचं बोट हुंगून गेली. “आबाजी रोज बांधीवर जाऊन खातेत,” ती म्हणाली. “तुलाराम आबाजींच्या डब्यातली. मले मालूम हाये.”

“तुले मालूम होतं तं सांगतलं काहून नाई?”

“आबाजीनं सांगतलं, सांगू नोको.”

फोनच्या भिंगावर तेच चटणीचं बोट घासलं गेलं होतं. बेबीबाईने ते पदराने पुसलं, केवळरामने पुन्हा फोटो काढला, पाठवला. दामिनीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग फोन वाजला तेव्हा ती इतकी हसत होती की तिला बोलता येईना. मागून शिलाई मशीनचा आवाज येत होता.

“पानी हाये, आई,” ती शेवटी म्हणाली. “मामाजीले म्हना, चटनी खावा, पन हात धुवून फोटो काढा.”

महिना संपला तेव्हा दोन्ही वह्या जुळल्या. दामिनीने आपल्या वहीत एकविसाव्या दिवशीचा एक खोडून शून्य केला होता आणि बाजूला बारीक अक्षरात ‘चटणी’ लिहिलं होतं. मॅडमने ती वही सिस्टरांना दाखवली. सिस्टरांनी ती बाहेर बसलेल्या बायांना दाखवली. गुंजन दिघोरीतच राहिली.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. शाळेत सर्दीची साथ होती. गुंजन शिंकू लागली, आणि दुसऱ्या सकाळी बेबीबाईने नळी तिरकी केली ती केलीच. “दुसरं धोवन,” ती म्हणाली. केवळराम फोटो काढायचा विसरला. पुढच्या दिवशी पहिलं धोवण. त्याच्या पुढच्या सकाळी गुंजनच्या पापण्यांवर किंचित, भाताच्या सालीएवढी सूज होती. थेंब पडले आणि नळी डोळ्यांदेखत मिटली. मागे क्ष होता की ळ होता की कोरा कागद होता, काही कळेना.

बेबीबाईने हात धुतले आणि स्वतः फोन लावला. नंबर वहीच्या पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात होता. पलीकडे कोणी नवी मुलगी होती.

“गुंजनची आजी बोलतो, दिघोरीहून. मॅडमले सांगा, आज पेज हाये.”

“काय आहे?”

“पेज. परवा दुसरं धोवन, काल पहिलं धोवन, आज पेज. सर्दी हाये, पापनी जराशी वर आली, ताप नाई.”

“आजी, पेज काय? प्लस किती ते सांगा ना.”

“ते तुमी लावा. मी जे हाये ते सांगून राहिलो.”

मागून मॅडमचा आवाज आला. “कोण, बेबीबाई? पेज म्हणाल्या? विचार, जुन्या तांदळाची ना?”

“जुन्याच,” बेबीबाई फोनमध्ये मोठ्याने म्हणाली.

मॅडमने स्वतः फोन घेतला. श्वास कसा आहे, लघवी किती होते, पोट फुगलं का, सगळं विचारलं. बेबीबाईकडे सगळ्याचं उत्तर होतं. मॅडम म्हणाल्या, वेळेवर कळवलंत, भरती करायची गरज दिसत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिलंय तशा गोळ्या आजपासून सुरू करा, रोज सकाळी मला सांगा, आणि पोट दुखलं किंवा ताप आला तर मिळेल त्या गाडीने निघून या.

चार दिवस पेज राहिली. त्या चार दिवसांत केवळरामने अळणी वरण चूपचाप खाल्लं आणि तुलारामच्या डब्याकडे पाहिलं नाही. रविवारी दामिनी आणि धनंजय आले. सकाळी अंधुक असतानाच दामिनी उठून अंगणात आली, तर सासू आधीच ठोकळ्यासमोर बसलेली. दामिनी तिच्या शेजारी बसली. नळी हातात घेतली नाही. नुसती विचारू लागली, “काय हाये आई?”

बेबीबाईने नळी तिरकी केली, उजेडाची वाट पाहिली. “पहिलं धोवन,” ती म्हणाली. “उतरून राहिलं.”

आठव्या दिवशी पाणी झालं. बेबीबाईने वहीत ‘पाणी’ लिहिलं. बाणाचा ण. गुंजनने पलंगावरूनच वही मागितली आणि त्यापुढे चांदणी काढली. पाच टोकांची, एक टोक जरा लांब.

उन्हाळ्याच्या तोंडावर मॅडमने दर मंगळवारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत नव्या घरच्यांना बसवायला सुरुवात केली. ज्यांची मुलं नुकतीच या आजाराने भरती झालेली असत, ते नळी शिकायला येत. शिकवायला सिस्टर असत, आणि महिन्यातून एकदा बेबीबाई. ती गुंजनला घेऊन सकाळच्या बसने येई. ठोकळा पिशवीत. कागदाच्या चुका केवळरामने काढून टाकल्या होत्या. आता तो सुटा होता.

त्या मंगळवारी सतरंजीवर तिच्यासमोर पवनीकडची कलाबाई बसली होती. पंचविशीची असेल. मांडीवर सुजल्या तोंडाचा तीन वर्षांचा मुलगा. सिस्टरांनी सगळ्यांना नळी, थेंब, आकडे समजावले. कळलं का, असं विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. कलाबाईने सगळ्यांत जोरात हलवली.

सिस्टर दुसरीकडे गेल्या तशी बेबीबाई पुढे सरकली. नळी लावलीच नाही. नुसता कागद कलाबाईसमोर धरला.

“हे अक्षर येते का तुले?”

कलाबाईने कागदाकडे पाहिलं, मग आजूबाजूच्या लोकांकडे, मग मुलाच्या केसांकडे.

बेबीबाईने कागद घडी घालून आपल्या मांडीखाली ठेवला. “मलेबी नवतं येत,” ती म्हणाली. “अक्षर मंग शिकू. हे पोट्टी शिकवते, पन पट्टी आपटते. आंधी सांग, घरी तांदूळ कोन धुते?”

“मीच जी.”

“कितींदा?”

“दोनदा.”

“पहिल्या खेपेले पानी कसं निघते?”

कलाबाई विचार करू लागली. मुलाला तिने डाव्या हातावर घेतलं, आणि तिचा उजवा हात हवेतच, समोर पातेलं असल्यासारखा, सावकाश गोल फिरू लागला.